आलिशान गाडी ट्रेलर किती ओढते, हे कोण ठरवतं?

एखाद्या बड्या जर्मन सेदानची युरोपातली माहितीपुस्तिका उघडली, तर स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी दोन टनांच्या आसपासचा आकडा सापडतो. तीच गाडी अमेरिकेत घेतली, तर पुष्कळदा ‘ट्रेलर जोडू नये’ एवढीच सूचना मिळते. इंजिन तेच, गिअरबॉक्सही तोच. तेव्हा हा आकडा नुसत्या ताकदीचा नाही, हे उघड आहे.

गंमत म्हणजे एके काळी अमेरिकेतच आलिशान गाडी म्हणजे ओढण्यासाठी हक्काची गाडी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन भटकणाऱ्या सुखवस्तू कुटुंबांना कॅडिलॅकसारखी गाडी सोयीची पडे. ट्रकसारखी स्वतंत्र पोलादी फ्रेम, तिच्यावर बसवलेली बॉडी, पुढे अवाढव्य व्ही८ (आठ सिलिंडरचं) इंजिन आणि जोर मागच्या चाकांना. ही रचना इथे मोलाची ठरते. मागच्या जोडणीच्या हुकवर ट्रेलरचा भार आला की गाडीची शेपटी दबते आणि पुढची चाकं हलकी होतात. मागची चाकं ओढत असतील तर त्यांची पकड उलट वाढते. पुढची ओढत असतील तर नेमकी चढावरच घटते.

१९७३च्या तेलटंचाईनं हे गणित मोडलं. अमेरिकेनं १९७५ साली कायदा केला आणि १९७८च्या मॉडेलांपासून कंपन्यांना सरासरी मायलेजचं बंधन आलं. हलक्या ट्रकांना मात्र वेगळे, सैल निकष मिळाले, आणि ट्रकच्या फ्रेमवरच्या एसयूव्हीही त्यांतच मोजल्या गेल्या. पुढचं सगळं या सवलतीतून घडलं, असं माझं मत आहे. सेदान आकारानं लहान झाल्या, १९८५च्या मॉडेलपासून कॅडिलॅकच्या ‘डी व्हिल’ या गाडीचा जोरही पुढच्या चाकांवर गेला. जुन्या वळणाची शेवटची कॅडिलॅक म्हणजे १९९३ ते १९९६ची फ्लीटवुड. ट्रेलर ओढण्यासाठीचं खास टोइंग पॅकेज घेतलं तर ती ७,००० पौंड, म्हणजे जवळपास ३,१७५ किलो ओढायची! ती बंद झाली आणि टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या त्याच कारखान्यात ट्रकच्या फ्रेमवरच्या एसयूव्ही बनू लागल्या. लिंकन नॅव्हिगेटर आणि कॅडिलॅक एस्कलेड या आलिशान एसयूव्ही आल्यावर सेदानला हुक लावायचं कारणच उरलं नाही.

युरोपात मोठी गाडी सगळ्यांच्या आवाक्यात नव्हती, म्हणून कॅरव्हॅनच हलक्या झाल्या. हुकवरचा भार कमी ठेवायचा आणि वेगावर लगाम घालायचा, अशी तिथली पद्धत. जर्मनीत ट्रेलरसह मर्यादा एरवी ताशी ८० किमी. वेगळी परवानगी असेल तर १००. अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकवर धरतात. सेदानच्या मागच्या सस्पेन्शनला एवढा भार पेलणं जड जातं. युरोपातली चाचणीही निराळी: भरलेल्या ट्रेलरसह १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघायचं.

अमेरिकेत बरीच वर्षं प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं आकडा काढायची आणि जाहिरातीत तो फुगायचा. २००८ साली एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ हे सामाईक मानक आलं. टोयोटानं ते सर्वांआधी स्वीकारलं. त्यातली सर्वांत कठीण परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे: सुमारे १८ किमीची सलग चढण, रणरणतं ऊन आणि एसी पूर्ण जोरात. इथे ताकदीइतकीच गाडी थंड ठेवण्याचीही कसोटी लागते.

विजेच्या गाड्यांनी आता हिशोब पुन्हा बदलला आहे. बीएमडब्ल्यू आय७ या विजेवरच्या सेदानला युरोपात दोन टनांचा ट्रेलर ओढायची मान्यता आहे. मोटरला जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, पण कॅरव्हॅन जोडली की हवेच्या विरोधामुळे एका चार्जमधलं अंतर निम्म्यापर्यंत येऊ शकतं.