सीमास्तर

वाहणारा द्रायू, म्हणजे द्रव किंवा वायू, जिथे घन पृष्ठभागाला टेकतो, तिथे तो थांबलेलाच असतो. या थांबलेल्या थरापासून पूर्ण वेगाच्या प्रवाहापर्यंतच्या पातळ पट्ट्याला सीमास्तर म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी 1904 मध्ये ही कल्पना मांडली. द्रायूच्या गतीचे वर्णन करणारी नेव्हिअर-स्टोक्स समीकरणे त्याआधी अर्ध्या शतकाहून अधिक काळ उपलब्ध होती, पण व्यवहारातले बहुतेक प्रवाह त्यांनी सुटत नव्हते. श्यानतेचा, म्हणजे चिकटपणाचा, प्रभाव मुख्यतः या पट्ट्यापुरता असतो हे कळले आणि वाट मोकळी झाली.

पृष्ठभाग तापलेला असेल तर तापमानाचाही असाच थर बनतो. दोन थरांच्या जाडीचे नाते प्रांटल अंक सांगतो. तो हवेसाठी सुमारे 0.7, तर 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यासाठी सुमारे 7 असतो. हा अंक एकापेक्षा मोठा, म्हणून पाण्यात उष्णतेचा थर वेगाच्या थरापेक्षा पातळ राहतो.

सांगली भागातल्या विद्यार्थ्याने हे पाहायला गुऱ्हाळ गाठावे. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, उसाचा रस सुरुवातीला पातळ असतो, खळखळून उकळतो आणि तळाची उष्णता सहज उचलतो. आटत जाईल तसा तो दाटतो, तळालगतचा थर जागचा हलत नाही, आणि नेमके तिथेच तापमान सर्वांत जास्त असते. ढवळणे थांबले की साखर करपते, गूळ काळवंडतो. गुळव्याचा हात अखंड फिरतो तो हा थर मोडण्यासाठी. साखर कारखान्याच्या बाष्पीभवन पात्रांतही अडचण तीच. तिथे नळ्यांच्या आत क्षारांचा थर बसून त्यात भर पडते, म्हणून त्या ठरावीक काळाने साफ कराव्या लागतात.

यंत्र अभियांत्रिकीत फ्लुइड मेकॅनिक्स (द्रायूंचे यांत्रिकी) आणि हीट ट्रान्सफर (उष्णतेचे वहन) हे विषय सहसा वेगवेगळ्या सत्रांत येतात. पहिल्यातला सीमास्तर दुसऱ्यापर्यंत विसरला जातो, ही खरी हानी, कारण हिशेब दोन्हींचा मिळून होतो. गुळगुळीत नळीतून खळबळीने वाहणाऱ्या पाण्याचा वेग दुप्पट केला, तर भिंतीकडून उष्णता घेण्याचा त्याचा गुणांक वेगाच्या 0.8 घाताने, म्हणजे सुमारे 1.74 पट वाढतो. पंपाला लागणारी शक्ती मात्र साडेसहा पटींच्या वर जाते. वेग किती ठेवायचा हे या दोन आकड्यांमधून ठरते.