झेनॉनचं उधारखातं

झेनॉन या वायूच्या अणूतला एक इलेक्ट्रॉन सोडवायचा तर १२.१३ इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) मोजावे लागतात. निळ्या प्रकाशाच्या एका फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणाच्या, खिशात असतात जेमतेम २.८. मग पाच फोटॉननी वर्गणी काढली तर? चालेल, पण अणूकडे उधारी फार वेळ चालत नाही. पहिला आला की फेमटोसेकंदाच्या आसपास, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही दहा लाखाव्या भागात, पुढचा हजर हवा. नाहीतर हिशेब पुन्हा शून्यावर.

दोन फोटॉन मिळून एक काम करू शकतात, हे भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट-मायर यांनी जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात १९३० सालीच मांडलं होतं. पडताळायला एवढी दाट गर्दी करणारा प्रकाश मात्र नव्हता. लेझर १९६० साली आला, आणि १९६५ मध्ये व्होरोनोव्ह आणि डेलोने यांनी माणिक लेझरचे सात-सात फोटॉन एकवटून झेनॉनचं आयनीभवन करून, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन सोडवून, दाखवलं.

खरी गंमत लेझरचा रंग हळूहळू बदलताना येते. वायूच्या नळीत लेझरचा झोत भिंगाने एका बिंदूवर आणायचा, सुटलेल्या इलेक्ट्रॉनमुळे शेजारच्या तारेवर किती विद्युतभार जमतो ते पाहायचं. बराच वेळ आलेख सपाट. प्रकाशाची तरंगलांबी ४४१ नॅनोमीटरजवळ आली की एकदम सुळका! कारण तिथे तीन फोटॉनची बेरीज ८.४४ इलेक्ट्रॉन व्होल्ट होते, आणि नेमक्या त्याच उंचीवर झेनॉनची एक खरीखुरी ऊर्जापातळी आहे. इलेक्ट्रॉनला टेकायला पायरी मिळते, तीही काही नॅनोसेकंद, म्हणजे फेमटोसेकंदाच्या लाखो पट वेळ. उरलेले दोन फोटॉन मग सावकाश आले तरी चालतं.

आता नळीत आणखी झेनॉन भरा. अणू वाढले, म्हणजे सुळका उंचावेल ना? उलट तो नाहीसाच होतो! अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८० साली या कोड्याचा छडा लावला. दाट वायूत अणू मिळून लेझरच्या तिप्पट वारंवारितेचा, १४७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश तयार करतात. त्याचा एकच फोटॉन इलेक्ट्रॉनला त्याच पायरीवर नेऊ शकतो. म्हणजे वाटा दोन: तीन निळे किंवा एक अतिनील. पण दोन्हींच्या लहरी नेमक्या उलट्या पडतात, एकमेकींना खोडून काढतात, आणि पायरी असूनही इलेक्ट्रॉन खालीच राहतो.