गुलाल उधळला की चित्राचे चौकोन का होतात?

अनंत चतुर्दशीला पुण्याची विसर्जन मिरवणूक टीव्हीवर लाइव्ह बघताना एक गोष्ट हमखास दिसते. ढोलपथक एका जागी वाजवत असतं, कॅमेरा स्थिर असतो, तोवर भगव्या झेंड्याची किनारसुद्धा स्वच्छ दिसते. मग कुणीतरी गुलालाची मूठ हवेत फेकतं आणि पडदाभर बारीक बारीक गुलाबी चौकोन उमटतात. वादकांचे चेहरे त्यात विरघळून जातात. गुलाल खाली बसला की चित्र पुन्हा निवळतं. अशा वेळी आपण डिशला दोष देतो, पण बहुतेकदा डिश ठणठणीत असते. त्या एक-दोन सेकंदांत त्या चॅनेलला जेवढे बिट, म्हणजे चित्र ज्यांत लिहून पाठवतात ते शून्य-एक, हवे होते तेवढे मिळालेले नसतात.

टीव्हीचं चित्र प्रचंड जागा खातं. साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रं दाखवायची असतात. स्टुडिओतल्या केबलमधून हे चित्र जसंच्या तसं नेलं तर सेकंदाला २७ कोटी बिट, म्हणजे २७० मेगाबिट लागतात. ट्रान्सपॉन्डर म्हणजे जमिनीवरून आलेला संदेश परत खाली पाठवणारा उपग्रहावरचा एक मार्ग. अशा एकाची रुंदी साधारण ३६ मेगाहर्ट्झ. डीव्हीबी-एस या उपग्रह प्रसारणाच्या जुन्या पद्धतीच्या नेहमीच्या मांडणीत त्यातून सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट उतरतात. म्हणजे कच्चं चित्र पाठवायचं ठरवलं तर एका चॅनेलला सात ट्रान्सपॉन्डर लावूनही थोडी जागा कमीच पडेल. प्रत्यक्षात एकाच ट्रान्सपॉन्डरवर दहा-बारा चॅनेल आरामात चालतात.

यामागच्या गणिताचं मूळ बंगळूरुमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांच्यापर्यंत जातं. अमेरिकेत प्राध्यापक असताना १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करायला तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे पैसे मागितले. कल्पना फारच साधी आहे म्हणून अर्ज नामंजूर झाला. त्यांनी काम सोडलं नाही. १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ प्रसिद्ध केला. आज जेपीईजी फोटोपासून डीटीएचपर्यंत सगळीकडे तो किंवा त्याची भावंडं राबत असतात. या तीन नावांबद्दल आपल्या शाळांमध्ये अवाक्षरही शिकवलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात ढोबळ छटा किती, बारीक तपशील किती हे ६४ आकड्यांत लिहायचं, असं हे तंत्र आहे. डोळ्याला बारीक तपशिलातली चूक फारशी कळत नाही, म्हणून ते आकडे भरड करायचे. कित्येक तर शून्यच होतात. बिट कमी पडले की हे भरडणं वाढतं आणि तुकड्यांच्या कडा उघड्या पडतात. गुलालाच्या वेळी दिसणारे चौकोन म्हणजे हेच तुकडे.

दुसरी बचत आधीच्या चित्रावर टेकून होते. साधारण अर्ध्या सेकंदातून एकदा पूर्ण चित्र पाठवायचं, मधल्या चित्रांत फक्त काय सरकलं आणि काय बदललं तेवढंच सांगायचं. बातम्या वाचणारी निवेदिका हलते ती ओठांपुरती, त्यामुळे तिथे सांगण्यासारखं थोडंच असतं. गुलालाचा कण न् कण मात्र वेगळ्या दिशेला उडतो. आधीच्या चित्रातून काहीच उचलता येत नाही, सगळं नव्यानं लिहावं लागतं. उसळतं पाणी, मुसळधार पाऊस, फटाके, टाळ्या वाजवणारं स्टेडियम यांचीही हीच गत.

म्हणजे एकाच चॅनेलची भूक क्षणाक्षणाला बदलते. मग ३८ मेगाबिट वाटायचे कसे? समजा, एका चॅनेलला सरासरी ३ मेगाबिट लागतात आणि क्वचित कधी ६. प्रत्येकाला त्याच्या कमाल गरजेइतकी जागा कायमची बांधून दिली तर सहाच चॅनेल मावतील, आणि बहुतेक वेळ निम्मी जागा रिकामी जाईल. खानावळीचा मालक असा विचार करत नाही. प्रत्येक जण आज त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं जेवण जेवणार, असं धरून तो कणीक मळत नाही. एकाला जास्त भूक असते त्या दिवशी दुसरा दोन पोळ्यांवर उठतो, आणि माणसं जितकी जास्त तितका एकूण अंदाज पक्का होतो. संख्याशास्त्रात याला नेमका नियम आहे. चॅनेलच्या गरजा एकमेकींवर अवलंबून नसतील, तर एकूण चढउतार चॅनेलच्या संख्येच्या पटीत नाही, तिच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. एका चॅनेलची गरज सरासरीच्या साधारण १ मेगाबिट अलीकडे-पलीकडे होत असेल, तर दहा चॅनेलची मिळून गरज ३० मेगाबिटच्या जेमतेम ३ अलीकडे-पलीकडे राहते. दुप्पट सावधगिरी बाळगली तरी आकडा ३६ च्या आसपास. सहाऐवजी दहा चॅनेल बसले, आणि कुणाचंही चित्र कायमचं भरडावं लागलं नाही. या युक्तीला ‘स्टॅटिस्टिकल मल्टिप्लेक्सिंग’ म्हणतात. प्रसारण केंद्रातले लोक तोंडभरून एवढं म्हणत नाहीत, ‘स्टॅटमक्स’ म्हणून मोकळे होतात.

प्रत्येक चॅनेलचा एन्कोडर, म्हणजे चित्र आकसून बिटांत लिहिणारं यंत्र, आधी येणारं चित्र चाचपून बघतो आणि ते किती अवघड आहे हे मधल्या नियंत्रकाला कळवतो. नियंत्रक दहाही मागण्या समोर ठेवून वाटा ठरवतो, आणि मग खरं एन्कोडिंग होतं. सेकंदात हे अनेकदा चालतं. या चाचपणीला वेळ लागतो, त्यामुळे प्रक्षेपण मागे पडतं. उपग्रहापर्यंत जाऊन परत येण्यात पाव सेकंदच जातो, उरलेल्या उशिराचा मोठा वाटा अशा कामांचा.

तयार झालेले बिट १८८ बाइटच्या (एक बाइट म्हणजे आठ बिट) पॅकेटांत भरले जातात. एका ट्रान्सपॉन्डरवरून अशी सुमारे २५ हजार पॅकेटं दर सेकंदाला येतात. प्रत्येकावर क्रमांक असतो, आणि सेट टॉप बॉक्स आपल्या चॅनेलचे क्रमांक तेवढे उचलतो. यातला ८१९१ हा क्रमांक मला फार बोलका वाटतो. तो रिकाम्या पॅकेटांचा. प्रवाह थांबवता येत नाही, म्हणून पाठवायला काही नसेल तेव्हा ही पॅकेटं भरतात, आणि बॉक्स ती टाकून देतो. एखाद्या ट्रान्सपॉन्डरवर ८१९१ ची गर्दी असेल, तर तिथे वाटणी ढिसाळ चालली आहे असं खुशाल समजावं.

पण वर्गमुळाचा नियम एका अटीवर उभा आहे: गरजा एकाच वेळी उसळायला नकोत. विसर्जनाच्या दिवशी ही अट मोडते. एकाच ट्रान्सपॉन्डरवर चार मराठी वृत्तवाहिन्या असतील, तर चौघींवर तोच चौक, तीच गर्दी, तोच गुलाल. नियंत्रक कितीही हुशार असला तरी उसने घ्यायला कुणाकडे बिट शिल्लक नसतात. म्हणूनच चांगला अभियंता खेळाच्या वाहिन्या एका ठिकाणी कोंबत नाही. त्यांच्या शेजारी मालिका, भक्ती, चर्चा अशा शांत वाहिन्या बसवतो.

त्याच ३८ मेगाबिटांवर पावसाचाही हक्क असतो. डीटीएच ज्या केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यावर चालतं, त्यातल्या लहरी जोरदार पावसात शोषल्या जातात. कोकणात जुलैत राहणाऱ्याला हे सांगायला नको. म्हणून पाठवलेल्या दर चार बिटांपैकी एक बिट केवळ चुका दुरुस्त करण्यासाठी ठेवतात. तीनांत एक ठेवला तर पावसात टिकाव जास्त, पण उपयोगाचे बिट ३८ वरून ३४ च्या खाली येतात. साधारण एक वाहिनी कमी झाली. वाहिनीमागे पैसे मिळत असताना हा त्याग कुणाला नकोसा वाटतो, हे उघड आहे.

प्रसार भारतीच्या फ्री डिशवर पेच आणखी खोल आहे. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. मासिक शुल्क नाही, म्हणून खेड्यापाड्यांत कोट्यवधी घरांत ती पोहोचली. त्यातले असंख्य जुने बॉक्स फक्त एमपीईजी-२ हे १९९० च्या दशकातलं तंत्र समजतात. २००३ चं एमपीईजी-४ एव्हीसी तेच चित्र जवळपास निम्म्या बिटांत बसवतं. २००५ मध्ये आलेली डीव्हीबी-एस२ पद्धत त्याच ट्रान्सपॉन्डरमधून सुमारे ३० टक्के जास्त बिट काढते. कागदावर उत्तर सोपं आहे. पण उद्या जुनं प्रसारण बंद केलं तर ज्यांनी एकदाच पैसे जमवून डिश बसवली त्यांचा टीव्ही काळा पडेल, आणि नव्या बॉक्सचा खर्च त्यांच्याच माथी येईल. वाहिन्यांनाही हा प्रेक्षक हवा असतो, म्हणून फ्री डिशवरच्या जागांसाठी होणाऱ्या लिलावात जुन्या एमपीईजी-२ च्या जागांना आजही जास्त बोली लागते. सध्या दोन्ही तंत्रं शेजारी शेजारी चालवली जातात. त्यात जागा वाया जाते हे खरं, पण बॉक्स बदलून देण्याची सोय होईपर्यंत ती जावी, असं माझं स्पष्ट मत आहे.