फुकट अवजारं आणि त्यांच्यामागची माणसं

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात एका नव्या मुलाने मागच्या आठवड्यात एका ओपन सोर्स लायब्ररीच्या (म्हणजे सर्वांना खुल्या, फुकट वापरता येणाऱ्या तयार कोडच्या) मेंटेनरसाठी, ती सांभाळणाऱ्यासाठी, मेसेज लिहिला: "दोन महिने झाले, बग तसाच आहे. जमत नसेल तर सोडून द्या." पाठवण्याआधी मला दाखवला, हे बरं झालं. मुलगा कामाला चोख आहे, उर्मट अजिबात नाही. मी अडवलं तेव्हा त्याने सरळ विचारलं, "पण मॅम, ते त्यांचं कामच आहे ना?" त्याला दिलेलं उत्तर इथे जरा मागे जाऊन मांडते आहे.

मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये टर्बो सी, म्हणजे सी भाषेत प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, शिकले. निळी स्क्रीन, कंट्रोल-एफ९ दाबून प्रोग्राम चालवायचा, ऑल्ट-एफ५ दाबून आउटपुट बघायचं. आम्हा मुलांपैकी कुणीही ते विकत घेतलेलं नव्हतं, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर फिरत यायचं. टर्बो सी बनवणाऱ्या बोरलँड कंपनीनेच १९८३ मध्ये पास्कल भाषेसाठीचं टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला बाजारात आणलं होतं. इतर कंपायलरना (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करून देणाऱ्या प्रोग्रामना) शेकडो डॉलर पडायचे, त्यामुळे अमेरिकेत ही किंमत स्वस्तच. आपलं गणित निराळं. जुलै १९९१ मध्ये सरकारने तीन दिवसांत दोनदा रुपयाचं अवमूल्यन केलं आणि डॉलर सुमारे २१ रुपयांवरून २६ च्या घरात गेला. तेवढ्याच डॉलरची वस्तू हजार-पन्नास रुपयांवरून तेराशेवर. तेराशे रुपयांत आमच्या घरी महिन्याचा किराणा भरायचा. अवजाराची किंमत डॉलरमध्ये आणि पगार रुपयात, ही ओढाताण तेव्हापासूनची.

ती सुटली ती फुकट अवजारांमुळे. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. सुरुवातीला तो ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरची टेप १५० डॉलरला विकत असे, पण त्या टेपवरचा कोड वाचायला, बदलायला आणि पुढे द्यायला मोकळीक होती. जीएनयूचा जीसीसी कंपायलर १९८७ चा, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम १९९१ ची. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला लिनक्सवाले वापरत असलेल्या बिटकीपरचा मोफत परवाना २००५ मध्ये बंद झाला, म्हणून लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने त्याच कामासाठी गिट लिहायला घेतलं. २०१५ मध्ये व्हीएस कोड हा कोड लिहायचा फुकट एडिटर आला. कळव्यातल्या खोलीत बसलेल्या मुलीच्या हातात सिएटलमधल्या इंजिनियरचंच अवजार आलं, एक रुपयाही न देता. माझ्या पिढीला हे किती मोठं वाटतं, ते सांगून कळणार नाही.

आता पुन्हा भाडं सुरू झालंय. जून २०२२ मध्ये कोड सुचवणारा एआय मदतनीस कोपायलट सर्वांसाठी खुला झाला तो महिना दहा डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेआठशेच्या आसपास. ठाणे-ऐरोलीचा सेकंड क्लासचा मासिक पास त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. कंपनी पैसे भरते तेव्हा ही रक्कम जाणवत नाही. नोकरी शोधणाऱ्या मुलाला जाणवते.

आणि फुकटातलंही कुणाच्या तरी वेळेवर चालतं. एक्सझेड ही फाइल लहान करणारी छोटी लायब्ररी, जगभरच्या लिनक्स मशीनवर असलेली. ती वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, विनामोबदला, फावल्या वेळात. २०२२ मध्ये त्याच्यावर तक्रारींचा मारा सुरू झाला: कामं तुंबली आहेत, तुम्हाला रस उरलेला नाही, दुसऱ्याकडे द्या. मानसिक आरोग्याच्या जुन्या त्रासामुळे आपली ताकद कमी पडते आणि हे बिनपैशाचं काम आहे, असं त्याने उत्तरात लिहिलं. तक्रार करणारी ही नावं आधी कुणाला माहीत नव्हती आणि नंतरही कुठे दिसली नाहीत. दरम्यान अतिशय नम्रपणे मदत करणाऱ्या एकाकडे हळूहळू अधिकार गेले आणि फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत त्याने चोरदरवाजा घुसवला. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन (दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरणं) सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतंय असं दिसलं, तो खोदत गेला आणि २९ मार्चला सगळं उघडं पडलं. नाहीतर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

ते टोमणे ठरवून मारलेले असावेत, असा अनेक जाणकारांचा कयास आहे. पण आपल्याकडचे खरे टोमणे आणि ते टोमणे यांत त्या माणसाला फरक कसा कळावा? खुद्द टोरवाल्ड्सने सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या उर्मट बोलण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही दिवस बाजूला झाला आणि लिनक्सने आचारसंहिता स्वीकारली. त्याच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर १९९५ मध्ये, इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचं एक टिपण निघालं होतं. समोर माणूस आहे, त्याची भाषा आणि संस्कृती वेगळी असू शकते, याची आठवण ते करून देतं. आपल्याकडे व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी दूरसंचार कंपनीने सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला.

मुलाने मेसेज पुन्हा लिहिला. कुठली आवृत्ती, कुठल्या इनपुटवर फाटतंय, त्याची आठ ओळींची टेस्ट आणि वर "तुमच्या लायब्ररीवर आमचं रोजचं काम चालतं" एवढं एक वाक्य. तिकडून उत्तर अजून आलेलं नाही. तोवर तो स्वतःच बग शोधत बसलाय. काल ठाणे लोकलमध्येही त्याचा लॅपटॉप उघडाच होता.