मोडशी, कांजी आणि दहाची पेज

पावसाळा लागला, पाणी बदललं, की आपल्याकडे कुणाला तरी 'मोडशी' होतेच. पोट जड, तोंडाला चव नाही, दोन-चार जुलाब. घरातली मोठी माणसं चुलीकडे वळतात आणि पेजेचं आधण ठेवतात. हा शब्द आणि हा उपाय, दोन्ही गोव्याच्या इतिहासात जोडीने सापडतात, तेही साडेचारशे वर्षांपूर्वीच्या छापील पुस्तकात.

१५४३ च्या पावसाळ्यात गोव्यात जीवघेणी साथ आली. पोर्तुगीज बखरकार गास्पार कोर्रेया लिहितो, की इथले लोक या रोगाला 'मोर्शी' म्हणतात. कारण कळेना, म्हणून गव्हर्नर मार्तिम आफोंसो द सौझा याने एका मृताचं पोट उघडून पाहायला लावलं. बाकी सारं ठीक होतं. जठर मात्र आक्रसून कोंबडीच्या जठराएवढं झालेलं. ही साथ पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची होती. आज आपण मोडशी म्हणतो ते साधं अपचन, पण तेव्हा त्याच शब्दात मरणही मावत होतं. 'मोडणे' या क्रियापदातून आलेला हा शब्द पोर्तुगिजांच्या तोंडी 'मोर्देशिं' झाला. फ्रेंचांनी तर तो आपल्या भाषेत असा बसवला, की त्याचा अर्थ 'कुत्र्याचं मरण' असा होऊ लागला.

गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि इथलाच झाला. पणजीचा पालिका बगीचा आज त्याच्या नावाने ओळखला जातो. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या औषधींवरील संवादांच्या पुस्तकात पटकीवर एक प्रकरण आहे. इथले लोक याला 'मोर्शी' म्हणतात आणि आम्ही तोच शब्द बिघडवून वापरतो, हे तो स्वतःच सांगतो. इथले वैद्य रोग्याला काय देतात, हेही त्याने नोंदवलं आहे: तांदळाचं निथळलेलं पाणी, त्यात मिरी आणि जिरं, नाव 'कांजे'. युरोपात शिकलेल्या वैद्याने आपल्या पुस्तकात आपली पेज टिपून ठेवली, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे हाच शब्द पोर्तुगालला गेला. तिथे आज 'कांजा' म्हणजे कोंबडीच्या रश्शातलं भाताचं सूप, आणि आजाऱ्याला तेच देतात.

त्या पाण्यात गुण काय होता, हे विसाव्या शतकात उलगडलं. आतड्याच्या भिंतीतून मीठ आणि ग्लुकोज हातात हात घालून शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे असंख्य रोगी वाचवले, ते याच तत्त्वावर. तांदळातल्या पिष्टाचंही पोटात ग्लुकोजच होतं. म्हणून पुढे साखरेऐवजी तांदूळ घातलेली जलसंजीवनीही वापरात आली. अर्थात जुलाब थांबत नसतील, डोळे खोल गेले असतील, तर पेजेवर विसंबून राहू नये. जलसंजीवनी द्यावी आणि दवाखाना गाठावा.

पण पेज हे गोव्यात औषध कमी आणि रोजचं जेवण जास्त. शेतात पहाटेपासून राबलेल्या माणसाला दहा-साडेदहाला पेज लागते, सोबत मिठातली तोर, म्हणजे खारवलेली कोवळी कैरी, किंवा भाजलेला खारा बांगडा. तांदूळ मात्र उकडाच हवा. भात भिजवून, वाफवून, उन्हात वाळवून मग कांडला, की कोंड्यातलं ब जीवनसत्त्व काही अंशी दाण्यात उतरतं. वरचा लाल थर राहिला तर चोथाही मिळतो. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातला, खारं पाणी सोसणारा कोरगूट तांदूळ अशाच पेजेसाठी नावाजलेला. पांढराशुभ्र, घासलेला तांदूळ प्रतिष्ठेचा झाला आणि घराघरांतून उकडा मागे सरला. हे आपलं नुकसान झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

भिरंडेची, म्हणजे कोकमाच्या फळाची, गोष्टही ओर्ताच्याच पुस्तकात आहे. तो तिला 'ब्रिंदांव' म्हणतो: आतून लाल, अतिशय आंबट, साल व्हिनेगरासाठी राखून ठेवलेली. आपण तीच साल वाळवून सोलं करतो. नारळाच्या रसातली सोलकढी असो की नारळाशिवायची फुटी कढी, जेवणाच्या शेवटी ती भातावर येते नाहीतर वाटीतून प्यायली जाते. भिरंडेतल्या द्रव्यांवर संशोधन चालू आहे, म्हणून मोठे दावे मी करणार नाही. पण आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, आणि पचनाची सुरुवात लाळेपासूनच होते. तिरफळं, आलं, मिरी यांचं कामही असंच. मिरची तर पोर्तुगिजांबरोबर नंतर आली.

पावाचंही तसंच. पोर्तुगिजांना पाव हवा होता आणि यीस्ट मिळेना, तेव्हा इथल्या पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, माडाची सूर (ताडी) घालून पीठ आंबवलं. आता बहुतेक भट्ट्यांत यीस्ट आलं. तरी कोंडा लावलेली पोई अजून दारात येते. न्याहारीला मैद्याच्या पावापेक्षा ती घ्यावी.

आमच्या फोंड्याच्या घरी पेज अशी होते: वाटीभर उकडे तांदूळ रात्री भिजत घालायचे, सकाळी आठ वाट्या पाण्यात मंद आचेवर, दाणा फुटून पाणी दाटसर होईपर्यंत. मीठ शेवटी. पोट बिघडलेलं असेल तर वरचं पाणी आधी काढून द्यायचं, त्यात भाजलेल्या जिऱ्याची चिमूट आणि मिरीचे दोन दाणे कुटून.