भंगारवाल्याने न घेतलेलं खोकं

जुन्या नाशकातला वाडा सोडून आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा आवराआवरीत चार दिवस गेले. पितळी डबे, फुटकं घंगाळ, तांब्याचा बंब हे सगळं भांडी बाजारात मोडीत घातलं. वजन झालं, पैसे हातात आले. रद्दी, लोखंड आणि बाटल्या दारावर आलेल्या भंगारवाल्याने नेल्या. उरलं एक खोकं. त्यात कान तुटलेले कप, टवके उडालेल्या बश्या आणि लोणच्याच्या दोन बरण्या. त्याने वरचा कागद उचलून पाहिलं आणि खोकं बाजूला सारलं. "ताई, चिनी माती नाही चालत."

फुटक्या पितळेला भाव, फुटक्या बाटलीलाही थोडाफार भाव, मग फुटक्या बशीला का नाही?

पितळ साधारण ९०० ते ९४० अंश सेल्सियसला वितळतं आणि गार झालं की पुन्हा पितळच होतं. काचेचंही तसंच. मातीची गोष्ट वेगळी आहे. चिनी मातीच्या कणांत पाणी असतं, पण ते उन्हात वाळवून जाणारं पाणी नव्हे. ते कणाच्या रचनेतच रासायनिक बंधाने अडकलेलं असतं. भट्टीत ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान तेही निघून जातं. हजार अंशांच्या पुढे मुलाइट नावाचे सुईसारखे स्फटिक तयार होऊ लागतात, मिश्रणातला फेल्डस्पार हा खनिज पदार्थ वितळून काचेसारखा होतो आणि सगळे कण एकमेकांना सांधतो. पोर्सिलेनची, म्हणजे उत्तम प्रतीच्या चिनी मातीची भट्टी तर १३०० ते १४०० अंशांपर्यंत जाते. या वाटेवरून माती परत येत नाही. कच्चं वाळलेलं मडकं पाण्यात टाका, थोड्याच वेळात त्याचा चिखल होईल. भाजलेल्या मडक्याचा कधीच होत नाही.

बाटल्यांच्या पोत्यातही ही खापरं टाकू नयेत, त्याचं कारण इथेच आहे. बाटल्यांची काच सुमारे १५०० अंशांना वितळवतात. त्यात कपाचा तुकडा गेला तर तो काचेत नीट विरघळत नाही, खड्यासारखा तसाच राहतो. मग नवी बाटली नेमकी त्या खड्यापाशी तडकते. ओव्हनमध्ये चालणाऱ्या जाड काचेच्या भांड्यांचाही असाच त्रास होतो, कारण त्यांच्या काचेचं मिश्रण वेगळं असतं.

कुजणं नाही, गंजणं नाही, वितळून परत येणं नाही. हा टिकाऊपणा किती, ते पाहायला नाशिककरांना लांब जावं लागत नाही. गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. त्याच मोहिमेत त्यांनी संगमनेर तालुक्यातलं जोर्वेही खणलं. जोर्वे संस्कृतीची भांडी लाल, त्यांवर काळी नक्षी, आणि सुमारे तीन हजार वर्षं जुनी. धान्य संपलं, कापड कुजलं, माणसं गेली. खापरं राहिली आणि त्यांच्यावरूनच थरांचा काळ लावता आला. जोर्व्याचं चांगलं भाजलेलं खापर वाजवलं तर धातूसारखा खणखणीत आवाज देतं.

आवाजाची ही परीक्षा आपल्या घरातही लागू पडते. माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतोच. कप तळहातावर ठेवून काठावर पेन्सिलने हलकेच वाजवा. खणखणीत नाद आला तर बहुतेक धडधाकट. बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो. तड्याच्या दोन बाजू एकमेकींवर घासतात आणि नाद तिथेच जिरतो.

असा बद्द वाजणारा कप चहासाठी वापरू नये, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. धातूत ताण आला की अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून पितळेला पोचा पडतो. चिनी मातीत ही सरकण्याची सोय जवळजवळ नसते. सगळा ताण तड्याच्या टोकाशी गोळा होतो. ठिसूळ वस्तू हिशेबापेक्षा इतक्या कमी जोरात का फुटतात, हे इंग्लंडमधल्या ए. ए. ग्रिफिथ या इंजिनिअरने शंभर वर्षांपूर्वी याच धाग्याने उलगडलं: बारीकशी चीर पुरते. डिसेंबरातल्या नाशिकच्या सकाळी गारठलेल्या कपात उकळता चहा ओतला की आतली बाजू प्रसरण पावते, बाहेरची गारच राहते, आणि ती चीर पुढे सरकते. एके दिवशी कान हातात आणि चहा मांडीवर.

वरच्या झिलईला पडणारी बारीक जाळी हा वेगळा प्रकार. झिलई म्हणजे मातीवर चढवलेला काचेचा पातळ थर. गार होताना झिलई आणि आतली माती वेगवेगळ्या प्रमाणात आकसली तर झिलईवर ताण राहतो आणि ती तडकते. कधी हे वर्षांनंतरही घडतं. सच्छिद्र माती हवेतली ओल हळूहळू धरते, किंचित फुगते आणि झिलई फाटते. कपाटात नुसत्या ठेवलेल्या बशीलाही जाळी दिसते ती यामुळे.

आमच्या दोन बरण्यांपैकी एकीला बाहेरून पांढरी भुकटी यायची. सासूबाई ती पुसून काढत आणि म्हणत, "बरणीला मीठ फुटलंय." त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. आतल्या झिलईच्या जाळीतून खारं पाणी मातीत शिरायचं, बाहेर येऊन वाळायचं आणि मिठाचे स्फटिक मागे राहायचे. हे स्फटिक वाढताना छिद्रांच्या भिंतींवर रेटा देतात, त्यामुळे झिलईचे पापुद्रे सुटतात. अशा बरणीत लोणचं घालणं थांबवायचं. जुन्या झिलईत चमक यावी आणि ती कमी उष्णतेत वितळावी म्हणून शिसं घालण्याची पद्धत होती, आणि भडक लाल, केशरी, पिवळ्या रंगांत कॅडमियम असू शकतं. लिंबू, चिंच, ताक, लोणचं यांचं आम्ल ते हळूहळू सोडवून घेतं. शिशाचा धोका सगळ्यांत जास्त लहान मुलांना. जुन्या ताटलीवरची नक्षी बोटाला उंचवट्यासारखी लागत असेल, तर ती झिलईच्या वर काढलेली आहे. अशा ताटलीत आंबट पदार्थ नकोच. मेलामाइनच्या तडकलेल्या ताटल्यांनाही सरळ निरोप द्यावा.

चिकटवून वापरावं का? अरल्डाइटने सांधलेली फुलदाणी वर्षानुवर्षं राहते, पण गरम चहाने हा सांधा मऊ पडू शकतो आणि तो खाण्याच्या भांड्यासाठी नाहीच. जपानी किंत्सुगीत फुटका वाडगा उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने जोडतात आणि सांध्यावर सोन्याची पूड लावतात. हा चीक सुकतो म्हणण्यापेक्षा दमट हवेत घट्ट होतो: त्यातलं एक विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याचे रेणू एकमेकांना जोडत जातं. मला यात कौतुक वाटतं ते नात्याचं. उरुशी हा आपल्या बिब्ब्याचा भाऊबंद, दोघंही आंबा-काजूच्या कुळातले. बिब्बा अंगावर उततो तसा कच्चा उरुशीही उततो, कारण दोघांच्या रसातली रसायनं जवळजवळ सारखी आहेत.

मग खोक्याचं काय केलं? एकेकाळी गुलशनाबाद म्हणवणाऱ्या गावात गुलाबाच्या कुंड्यांचा विषय निघणारच. "तळाला खापऱ्यांचा थर घाल, पाणी निथळतं," हा सल्ला मलाही मिळाला. तो चुकीचा आहे. मातीच्या बारीक छिद्रांत पाणी धरून ठेवलेलं असतं. खालच्या मोठ्या पोकळ्यांत ते सहज उतरत नाही, वरची माती पुरती भिजल्यावरच उतरतं. म्हणजे थर घातला की ओली पट्टी मुळांच्या आणखी जवळ येते. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एकच खापरी पालथी ठेवावी, बस्स. मीठ फुटलेली बरणी मी बरेच दिवस पाणी बदलत भिजवली, हिऱ्याच्या बिटाने पाणी सोडत तळाला भोक पाडून घेतलं, आणि तिच्यात आता गवती चहा आहे.

पांढऱ्या बश्यांचा उपयोग गच्चीला. गवंडी ज्याला चायना मोझॅक म्हणतात, त्यात पांढरे तुकडे सिमेंटमध्ये बसवतात. पांढरी झिलई ऊन परतवते, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात खालची खोली कमी तापते. अहमदाबादला वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींच्या 'संगत' या कार्यालयाच्या कमानींवर हेच आहे. एका घरच्या बश्यांत गच्ची होत नाही, आमचा तुळशीचा कट्टा झाला. तुकडे करताना बश्या ओल्या गोणपाटात गुंडाळाव्यात, डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला मास्क लावावा. या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते.

लाल मडकी आणि कौलं यांना जुन्या वाड्यांनी आणखी एक जागा दिली होती. त्यांची पूड म्हणजे सुरखी. कमी तापमानाला भाजलेली ही माती चुन्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होते. खूप तापवलेलं पोर्सिलेन मात्र फारसं प्रतिसाद देत नाही.

एवढं करूनही मूठभर धारदार तुकडे उरलेच. ते मी वर्तमानपत्राच्या चार घड्यांत बांधून पुठ्ठ्याच्या डब्यात घातले, डबा सुतळीने आवळला आणि वर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं: फुटलेल्या बश्या. घंटागाडी आल्यावर डबा कचऱ्याच्या ढिगात न टाकता गाडीवरच्या दादांच्या हातात दिला, कारण तो कचरा पुढे हातांनीच निवडला जातो. त्यांनी अक्षरं वाचली आणि डबा बाकीच्या पिशव्यांपासून लांब, ड्रायव्हरच्या पायाशी ठेवला.