मधुमेहप्रतिबंध कार्यक्रम, स्थलांतरित दक्षिण आशियाईंसाठी

भारतीय उपखंडातून परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांत दुसऱ्या प्रकारचा मधुमेह टाळण्यासाठी आखलेले आहार-व्यायामाचे कार्यक्रम. रक्तातील साखर वाढलेली, पण मधुमेहाच्या पातळीला न पोचलेली माणसे यांत निवडतात आणि त्यांच्या भाषेत, घरच्या स्वयंपाकाला धरून सल्ला देतात.

कारणमीमांसा : या लोकांत मधुमेह तुलनेने कमी वयात व कमी वजनावर का होतो, याबद्दल एकमत नाही. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये 'काटकसरी जनुका'ची कल्पना मांडली. दुष्काळात तगवणारी जनुके सुबत्तेत बाधतात, असा तिचा आशय. हेल्स व बार्कर (१९९२) यांनी कारण गर्भावस्थेतील कुपोषणात शोधले. त्याआधी वर्षभर लंडनच्या साउथॉल या दक्षिण आशियाईंची मोठी वस्ती असलेल्या भागातील पाहणीवरून मॅकीग व सहकाऱ्यांनी पोटावरची चरबी आणि इन्शुलिनरोध (शरीराने इन्शुलिनला नीट दाद न देणे) यांचा संबंध पुढे आणला होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या निरीक्षणांनी गर्भावस्थेच्या मताला बळ दिले : पुणे परिसरातील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किग्रॅ., तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किग्रॅ.; तरीही पाठीवर मोजलेली त्वचेखालील चरबी पुण्याच्या बाळांत फारशी घटलेली नव्हती. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे २००४ चे जोडछायाचित्र अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. जनुकांचा वाटा नाकारता येत नाही. तथापि प्रतिबंधाच्या कामाला गर्भावस्था व पोटाची चरबी यांवर भर देणारे मतच अधिक उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानेही २००४ मध्ये आशियाईंसाठी २३ व २७.५ हे बीएमआयचे धोक्याचे टप्पे सुचवले. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी., स्त्रियांत ८० सेंमी. झाला की धोका धरतात.

चाचण्या : अमेरिकेतील मोठ्या चाचणीत (२००२) सात टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम या उद्दिष्टांनी मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईत रामचंद्रन यांच्या चाचणीत (२००६) घट २८.५ टक्के आली, तीही वजन फारसे न उतरता. स्कॉटलंडमधील राज भोपाळ यांच्या चाचणीत (२०१४) भारतीय व पाकिस्तानी वंशाचे १७१ जण होते. आहारतज्ज्ञ तीन वर्षांत पंधरा वेळा घरी जात. तुलनेच्या गटाकडे चार वेळा. वजनात १.६४ किग्रॅ.चा फरक पडला. मधुमेह पंधरा भेटींच्या गटात १२, तर तुलनेच्या गटात १७ जणांना झाला, पण एवढ्या आकड्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही. नेदर्लंड्समधील हेग येथे सुरिनामी हिंदुस्थानींवरील (दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममार्गे आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांवरील) प्रयोगात लक्षणीय फरक दिसला नाही. एकंदरीत, उत्साहाच्या मानाने पुरावा माफक आहे.

रूपांतर : माहितीपत्रकाचे भाषांतर करून वर पोळीचे चित्र छापणे सोपे. स्वयंपाक कोण करते, तेल कोण आणते, पाहुण्याला 'नको' म्हणता येते का, हे प्रश्न अवघड. स्कॉटिश चाचणीत म्हणूनच एकेका व्यक्तीऐवजी कुटुंब धरले होते.

बडोद्याचा संदर्भ : गायकवाडांबरोबर आलेल्या दांडिया बाजार परिसरातील मराठी घरांतही आता मुले परदेशी असणे नवलाचे नाही. आईवडील सहा महिन्यांसाठी जातात आणि तिकडचे स्वयंपाकघर ताब्यात घेतात. सोबत गुळाची आमटी, सकाळचे फरसाण, चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. 'उपवास सोडा' हा सल्ला कोणी ऐकत नाही. खिचडी अर्धी वाटी, बरोबर दही आणि राजगिरा, एवढे मान्य होते. तेलाचाही हिशेब फोडणीच्या चमच्याने करण्यापेक्षा महिन्याच्या डब्याला घरातल्या माणसांनी भागून करणे सोयीचे. व्यायाम म्हणून गरब्याचे नाव हमखास निघते. तो दमवतो खरा, पण नवरात्र वर्षातून एकदाच येते आणि १५० मिनिटांचे उद्दिष्ट दर आठवड्याचे आहे.